पूर्वजासाठी क्षमा की पूर्वजाची क्षमा? : मेनोनाईट साहित्यातील बहिष्कृत

'पूर्वजासाठी क्षमा मागणे' आणि 'पूर्वजाची क्षमा मागणे' या दोन शब्दप्रयोगांत व्याकरणदृष्ट्या एका शब्दयोगी अव्ययाचा आणि एका विभक्तिप्रत्ययाचाच फरक आहे. परंतु त्यामुळे नैतिक संबंधाची दिशा उलटते. पहिल्या प्रयोगात पूर्वज अपराधी ठरतो आणि वंशज त्याचा वकील होतो. दुसऱ्यात पूर्वज हा अन्यायग्रस्त असतो आणि वंशज अपराधी समूहाचा प्रतिनिधी म्हणून त्याच्यासमोर उभा राहतो. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात वाढलेल्या मेनोनाईट लेखकांनी बहिष्कृत नातलगाविषयी जे लेखन केले, त्याचा मध्यवर्ती ताण या दोन शक्यतांमध्ये आहे. त्या ताणाचे स्वरूप समजून घ्यायचे तर ज्या धर्मव्यवस्थेतून तो निर्माण झाला, तिचा विचार आधी करणे आवश्यक ठरते.

१५२५ मध्ये झुरिक येथे प्रौढ बाप्तिस्म्याचा पुरस्कार करणारी जी चळवळ सुरू झाली, तिने राज्यसत्ता आणि तलवार या दोहोंचा त्याग केला. ज्या मंडळीत माणूस स्वेच्छेने प्रवेश करतो, तिची शिस्त राखण्यासाठी दंडशक्ती उरली नाही. उरला तो फक्त बहिष्कार. १५२७ च्या श्लाइटहाइम येथील कबुलीजबाबात बाप्तिस्म्यालगतचे, म्हणजे दुसरेच कलम बहिष्काराचे आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पाखंड्यांना बुडवून वा जाळून मारण्याच्या त्या काळात प्रभुभोजनाच्या पंगतीतून वगळणे ही शिक्षा सौम्यच म्हणावी लागेल. मेनो सिमन्स (१४९६–१५६१) यांच्या अनुयायांत मात्र पंगतीबाहेरच्या व्यवहारापर्यंत, म्हणजे घरातील जेवणापर्यंत आणि पतिपत्नींच्या सहवासापर्यंत ती शिस्त पोहोचली. १६३२ च्या डॉर्ट्रेख्ट कबुलीजबाबाने सोळाव्या कलमात बहिष्कार आणि सतराव्यात बहिष्कृताशी संसर्ग टाळणे अशी फोड केली. त्याच सतराव्या कलमात बहिष्कृत भुकेला, तहानेला वा आजारी असेल तर त्याला साहाय्य करणे हे कर्तव्य मानले आहे आणि त्याला शत्रू लेखू नये, असेही बजावले आहे. शिस्त आणि करुणा यांचा हा अवघड तोल शब्दांत साधणे सोपे होते. स्वयंपाकघरात तो साधणे कठीण होते.

मराठीत यासाठी 'वाळीत टाकणे' हा शब्दप्रयोग सहज सुचतो. तो स्वीकारताना एक भेद लक्षात ठेवावा लागतो. मेनोनाईट बहिष्काराचा घोषित हेतू अपराध्याला परत आणणे हा आहे. पश्चात्ताप व्यक्त होताच बंदी उठते. म्हणून ही संस्था तत्त्वतः तात्पुरती आहे. परंतु बहिष्कृत माणूस पश्चात्ताप न करता मेला, किंवा आपण चुकलोच नाही असे मानत मेला, तर काय? मृत माणसाला पश्चात्ताप करता येत नाही आणि मंडळीला बंदी उठवण्याचे दुसरे कारण माहीत नाही. तात्पुरती शिक्षा मृत्यूमुळे कायमची होते. धर्मशास्त्राच्या या कोंडीतच साहित्याचा प्रश्न उद्भवतो.

पॅट्रिक फ्रीझन यांची 'द शनिंग' (१९८०) ही दीर्घ काव्यकृती या कोंडीला सरळ भिडते. शेतकरी पीटर नॉयफेल्ड श्रद्धेच्या प्रश्नावर मंडळीच्या वडिलधाऱ्यांशी असहमत होतो, वाळीत टाकला जातो आणि अखेर जीव देतो. कृतीचा उत्तरार्ध त्याचा भाऊ योहान याच्या पुढील आयुष्याचा आहे. येथे घटनेपेक्षा रचना महत्त्वाची आहे. पद्य आणि गद्य यांची सरमिसळ करीत कवीने अनेकांना बोलते केले आहे; कोणा एका निवेदकाच्या हाती निवाडा दिलेला नाही. मंडळीच्या चौकशीत प्रश्न ठरलेले असतात आणि उत्तरही एकच अपेक्षित असते. काव्यात पत्नी, भाऊ आणि स्वतः बहिष्कृत यांचे स्वर एकमेकांशेजारी येतात. पीटरला हयातीत न मिळालेली सुनावणी संहितेच्या रूपातच होते, असे म्हणता येईल. त्याच वेळी योहानचे जगत राहणे हा या कृतीचा खरा गाभा ठरतो. भावाला वाळीत टाकणाऱ्या समाजात तो पुढची वर्षे काढतो. त्याने कोणाची क्षमा मागावी, हे सांगणारा विधी त्या समाजाकडे नाही. १९८५ मध्ये या कृतीचे नाट्यरूप विनिपेग येथे रंगभूमीवर आले, तेव्हा एकांतातील हे वाचन सार्वजनिक सुनावणी झाले.

मिरियम टेव्ज यांच्या 'अ कॉम्प्लिकेटेड काइंडनेस' (२००४) या कादंबरीत हा प्रश्न वेगळ्या अंगाने येतो. सोळा वर्षांच्या नोमी निकेलची आई ट्रुडी मंडळीतून काढली गेली आहे आणि तो निर्णय देणारा धर्मप्रमुख ट्रुडीचा सख्खा भाऊ आहे. मंडळीवर निष्ठा असलेल्या नवऱ्याला पत्नी आणि श्रद्धा यांतून एकीची निवड करावी लागू नये म्हणून ट्रुडी गाव सोडते, अशी नोमीची समजूत आहे. अखेरीस नोमीही बहिष्कृत होते, तेव्हा मुलीला वाळीत टाकण्याची पाळी आपल्यावर येऊ नये म्हणून बापच निघून जातो. बहिष्काराचा नियम येथे कोणी मोडत नाही. उलट प्रेमापोटी प्रत्येक जण त्या नियमाच्या कक्षेबाहेर स्वतःला नेतो. शीर्षकातील गुंतागुंतीचा दयाळूपणा हाच असावा. परंतु आईचे पारपत्र घरातच राहिलेले आहे. ती जिवंत आहे की नाही, याची खात्री नोमीला नाही. ती आईच्या जाण्याच्या अनेक कथा रचते आणि त्यांतील सहन होईल तिच्यावर विश्वास ठेवते. बहिष्कृताशी समेट साधण्यासाठी त्याची कथा ठाऊक असावी लागते; बहिष्कार पहिला घाव घालतो तो या कथेवरच. मर्यादा एवढीच, की धर्मप्रमुख मामाचे चित्रण उपहासाच्या अंगाने व्यंगचित्राकडे झुकते. बहिणीला वाळीत टाकणाऱ्या भावाचे दुःख येथे पुरेसे उमटत नाही. फ्रीझन यांचा योहान या बाबतीत अधिक सखोल आहे.

बोलिव्हियातील मॅनिटोबा वसाहतीत २००५ ते २००९ या काळात घडलेल्या अत्याचारांच्या आधारे लिहिलेली टेव्ज यांची 'विमेन टॉकिंग' (२०१८) ही कादंबरी क्षमेची संकल्पनाच तपासायला घेते. वसाहतीचा धर्मप्रमुख पीडित स्त्रियांना अत्याचाऱ्यांना क्षमा करण्याचा आदेश देतो. न केल्यास स्वर्गाचे दार बंद. आदेशाने दिलेली क्षमा ही क्षमा असते काय, हा स्त्रियांच्या चर्चेतील कळीचा प्रश्न आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नसल्याने चर्चेचा वृत्तान्त लिहितो तो ऑगस्ट एप. त्याच्या आईबापांना तो बारा वर्षांचा असताना वसाहतीतून काढले गेले होते. ज्या समूहाने त्याच्या कुटुंबाला वगळले, त्याच समूहातील वगळलेल्यांचा लेखनिक तो होतो. परतलेल्या वंशजाला न्यायाधीशाचे वा वकिलाचे स्थान न देता नोंद घेणाऱ्याचे स्थान देणे, ही टेव्ज यांची महत्त्वाची निवड आहे.

या तीन कृतींच्या पार्श्वभूमीवर मेनोनाईट स्मृतीतील एक विसंगती ठळक होते. या समाजाचा मोठा स्मृतिग्रंथ म्हणजे १६६० चा 'हुतात्म्यांचा आरसा'. त्यात परक्यांनी मारलेले पूर्वज आहेत. फेलिक्स मान्झ याला १५२७ मध्ये ज्या लिम्माट नदीत बुडवले, तिच्या काठी २००४ मध्ये झुरिकच्या रिफॉर्म्ड चर्चने छळाचा दोष मान्य केला; २०१० मध्ये श्टुटगार्ट येथे ल्यूथरन जागतिक महासंघाने मेनोनाईटांची क्षमा मागितली. शतकांनंतर, मृतांच्या वतीने, क्षमा मागता येते आणि देताही येते, हे या समाजाने स्वतः अनुभवले आहे. स्वकीयांनी वाळीत टाकलेल्यांसाठी मात्र तसा आरसा नाही. इतिहासातही अशी एक अधुरी घटना आहे. संसर्गत्यागाच्या वादातून १६९३ मध्ये आमिश पंथ वेगळा काढणाऱ्या याकोब अम्मान आणि त्याच्या काही साथीदारांनी १७०० च्या सुमारास आपण घाईने वागलो असे मान्य करून स्वतःलाच बहिष्कृत ठरवले. तरीही समेट झाला नाही. बहिष्कार घालणाऱ्याने बहिष्कृताच्या जागी जाऊन उभे राहण्याचा हा प्रयत्न वाया गेला, कारण मूळ मतभेद तसाच राहिला.

यावरून साहित्याच्या कार्याविषयी काही निष्कर्ष काढता येतात. कादंबरी वा काव्य बंदी उठवू शकत नाही. तो अधिकार मंडळीचा आहे. वाचकाची सहानुभूती मिळवून देणे म्हणजे समेट घडवणे, असे मानले तर बहिष्कृताची आणखी एकदा फसवणूक होईल. परंतु 'पूर्वजासाठी क्षमा' या मागणीत दडलेले त्याच्या अपराधाचे गृहीतक साहित्य उघडे पाडते आणि प्रश्न 'पूर्वजाची क्षमा' या दिशेने वळवते. मृताची क्षमा मागणाऱ्याला उत्तर कधीच मिळणार नसते. ती अनुत्तरितता लपवून न ठेवणे, योहानला अखेरपर्यंत तिच्यासह जगू देणे, नोमीला खात्रीविना विश्वास ठेवू देणे, यात या लेखनाची सचोटी आहे. ज्या पंगतीतून पूर्वजाला उठवले, तिच्यात त्याची जागा रिकामी आहे एवढे तरी हे लेखन दाखवून देते. ती जागा कशी भरायची, हा प्रश्न मंडळीपुढे आजही शिल्लक आहे.