चांद्याच्या अँग्लिकन चर्चच्या इतिहासाचीं साधनें

चांदा (आतांचें चंद्रपूर) येथील अँग्लिकन मिशनचा इतिहास लिहूं पाहणाऱ्याच्या हातीं प्रथम दोन इंग्रजी ग्रंथ येतात : अलेक्झांडर वुड यांचा 'इन अँड आउट ऑफ चांदा' (१९०६) आणि बिशप आयर चॅटर्टन यांचा 'द स्टोरी ऑफ गोंडवन' (१९१६). वर्धापनाची स्मरणिका लिहिणारा बहुधा येथेंच थांबतो. तें पुरेसें नाहीं, असें आमचें मत आहे.

चॅटर्टन हे १९०३ सालीं निर्माण झालेल्या नागपूर धर्मप्रांताचे पहिले बिशप. १९२६ पर्यंत ते त्या पदावर होते. त्यांची लेखणी सहृदय आहे, आणि प्रदेश स्वतः पाहिलेला मनुष्य बोलत आहे हें जाणवतें. परंतु खांडक्या बल्लाळशहाचा रोग झरपटीच्या पाण्यानें बरा झाला, सशानें कुत्र्याचा पाठलाग केला व त्याच मार्गानें कोटाची आंखणी झाली, ही कथा मेजर लुसी स्मिथ यांनीं १८६९ च्या जमाबंदी अहवालांत लोकमुखांतून घेतली. पुढील ग्रंथकारांस ती तेथूनच मिळाली. ग्रंथ अनेक, साक्षीदार एक. चर्चविषयक मजकुराचीहि हीच परीक्षा केली पाहिजे.

वुड यांचा ग्रंथ अधिक जवळचा, म्हणून अधिक सावधपणें वाचण्याचा. तो स्कॉटलंडांतील आश्रयदात्यांसाठीं आहे. ज्याला देणगीदारांचें मन राखावयाचें असतें, तो अपयश थोडक्यांत सांगतो. हा दोष वुड यांचा एकट्यांचा नव्हे, त्या लेखनप्रकाराचा आहे. 'स्कॉटिश मिशन' या शब्दानें आणखी एक घोटाळा होतो. नागपुरास १८४५ सालीं आलेले स्टीफन हिस्लॉप हे फ्री चर्चचे, म्हणजे बिशप न मानणाऱ्या प्रेस्बिटेरियन पंथाचे. चांद्याचें मिशन एपिस्कोपल चर्चचें. हिस्लॉप यांस चांद्याच्या चर्चचे आद्यपुरुष म्हणणें म्हणजे शैव मठाची परंपरा वैष्णवांच्या माथीं मारणें होय. शिवाय कागद शोधणारा भलत्याच दप्तरांत शिरतो.

वर्धापन कोणत्या दिवसाचें, हाहि प्रश्न आहे. देवालयाचा शिलान्यास निराळा व प्रतिष्ठा निराळी. तसेंच चर्चचा पाया घालणें, प्रथम उपासना आणि बिशपच्या हस्तें अभिषेक, हे तीन दिवस निराळे. नागपूरचें ऑल सेंट्स चर्च १८५१ चें, पण कॅथीड्रल झालें १९०३ सालीं. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरासच अँग्लिकनांसह सहा पंथ चर्च ऑफ नॉर्थ इंडियांत विलीन झाले. यांपैकीं कोणतें वर्ष मोजलें, हें स्मरणिकेनें स्पष्ट लिहावें.

खरें साधन म्हणजे बाप्तिस्मा, विवाह व दफन यांचीं रजिस्टरें. त्यांत नांव, आईबाप, राहण्याचें ठिकाण, धंदा आणि विधि करणाऱ्या पाद्र्याची सही असते. कंपनीच्या काळापासून अशा नोंदींच्या नकला लंडनला जात असत व त्या आज तेथील ब्रिटिश लायब्ररींत आहेत. परंतु त्यांत भरणा युरोपियनांचा. मराठी ख्रिस्ती कुटुंबांची नोंद पुष्कळदां स्थानिक वहींतच राहिली. ती वही वाळवीनें खाल्ली, तर लंडनहून कांहीं परत मिळणार नाहीं. म्हणून स्मरणिकेच्या छपाईआधीं रजिस्टरांची नक्कल करावी, आणि ती जुन्या मंडळींसमोर वाचून घ्यावी. रोमन अक्षरांत बाळा आणि बाला एकच दिसतात; कोण कोण होता, हें त्यांनाच सांगतां येईल.