हॅकेथॉन : ३६ तासांच्या आधीचे काम

जून १९९९ मध्ये कॅनडातील कॅलगरी येथे ‘ओपनबीएसडी’ या संगणकप्रणालीवर काम करणारे दहा जण एकत्र बसले. ‘हॅकेथॉन’ हा शब्द रूढ झाला तो अशा बैठकींतून. तिथे ना स्पर्धा होती, ना बक्षीस. ती मंडळी आपलीच प्रणाली सुधारत होती आणि घरी गेल्यावरही तीच सांभाळणार होती.

आपल्याकडे २०१७ पासून सुरू झालेल्या ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’चा साचा वेगळा आहे. प्रश्न मंत्रालये देतात, सहा विद्यार्थ्यांचा गट तो सोडवतो (गटात किमान एक मुलगी हवी, ही अट उत्तम), आणि संगणक विभागाची अंतिम फेरी ३६ तास चालते. अभियांत्रिकीच्या मुलांना त्याचा लाभ होतो, यात शंका नाही. पण हाच साचा उचलून गावाचे हॅकेथॉन भरवले, तर ज्याचा प्रश्न तोच मांडवाबाहेर राहतो.

नाशिकच्या ‘कुंभथॉन’मध्ये तसे झाले नाही. २००३ च्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ माणसे दगावली होती. २०१५ च्या मेळ्यासाठी २०१४ पासूनच, एमआयटी मीडिया लॅबच्या पुढाकाराने, शिबिरे होत राहिली. पावलांच्या दाबावरून माणसे मोजणारी चटई एका शाळकरी मुलाने सवंगड्यांसह तयार केली, आणि ती मेळ्यात वापरलीही गेली. एका रात्रीच्या जागरणात हे होणारे नव्हते.

आता मालवणचे पाहू. आयोजक विषय लिहितील : ‘मच्छीमारांसाठी ॲप’. हा प्रश्नच नव्हे! २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बांगडा ११०. मग लिलावाच्या घाईत, ओल्या हातांनी, पाटीतले लहान मासे किती हे कसे मोजावे? हा प्रश्न झाला. तो घेऊन मुले बंदरावर गेली, की कोणीतरी म्हणेल, ‘मासो मेल्यार मोजून काय उपयोग?’ म्हणजे खरा प्रश्न जाळ्याच्या आसाचा. ट्रॉलरचे जाळे ओढताना चौकटीच्या आकाराचे आस ताणाने मिटतात. चौरस आस उघडे राहतात आणि पिल्ले निसटतात. शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरचे चौरस आस लावण्याचा प्रयत्न सिंधुदुर्गात झालेला आहे. तेव्हा उत्तर बरेचसे हाताशी आहे; ते सर्वांनी का वापरू नये, जाळ्याचा खर्च कोणी सोसावा, मोठे मासेही सुटतात का, हे विचारायला हवे. संगणकावर त्याचे उत्तर मिळणार नाही. नौकामालक, खलाशी आणि मासळी विकणाऱ्या बायका मांडवात हव्यात, आणि परीक्षकांतही.

वेळही त्यांच्या सोयीची हवी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि जाळी दुरुस्तीला काढलेली असतात. शाळा जूनमध्ये उघडते. आठवी-नववीच्या मुलांनी पट्टी घेऊन जाळ्यांचे आस मोजायला जावे ते त्याच दिवसांत.