ग्रिझ्ली अस्वल आणि सावधगिरीचें वाङ्मय

इसापनीतींतील दोन मित्रांची गोष्ट मराठी शाळेंत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. अस्वल येतांना पाहून एक मित्र झाडावर चढतो. दुसरा जमिनीवर पडून, श्वास कोंडून, मेल्याचें सोंग घेतो. अस्वल त्यास हुंगतें आणि निघून जातें. संकटकाळीं सोडून जाणारा मित्र खरा नव्हे, हें तात्पर्य सांगून गुरुजी पुढच्या धड्याकडे वळतात. परंतु या गोष्टींत तात्पर्याखेरीज आणखी एक विधान दडलेलें आहे, व तें नीतीविषयीं नसून निसर्गाविषयीं आहे: अस्वल मेलेल्यास तोंड लावीत नाहीं. हें विधान खोटें आहे. उत्तर अमेरिकेंतील ग्रिझ्ली अस्वल तर हिवाळ्यांत मेलेल्या जनावरांचीं प्रेतें वसंत ऋतूंत शोधीत हिंडतें, आणि एखादें सांपडलें कीं त्यावर पहारा करीत बसतें. असें असूनही दुसऱ्या मित्राचा उपाय पुष्कळदां लागू पडतो. खोट्या कारणावर उभा असलेला उपाय खरा कां ठरावा, आणि कोणत्या वेळीं तोच जीवघेणा व्हावा, हें ज्या ग्रंथांत नीट उलगडून दाखविलें आहे, त्याचें परीक्षण येथें करावयाचें आहे.

स्टीफन हेरेरो यांचा 'बेअर अटॅक्स : देअर कॉझेस अँड अव्हॉइडन्स' हा ग्रंथ १९८५ सालीं प्रसिद्ध झाला व २००२ सालीं त्याची सुधारलेली आवृत्ति निघाली. ग्रंथकारांनीं कॅनडांतील कॅल्गरी विद्यापीठांत अध्यापन केलें आणि प्राण्यांचें वर्तन हा आपल्या अभ्यासाचा विषय केला. अस्वलांचे हल्ले, त्यांचीं कारणें व ते टाळण्याचे मार्ग सांगणाऱ्या पुस्तकाची जागा वाङ्मयाच्या मासिकांत नाहीं, ती वनखात्याच्या कपाटांत आहे, असें कोणी म्हणेल. आमचें मत तसें नाहीं. या अस्वलाविषयीं दोनशे वर्षें जें कथावाङ्मय झालें, त्यानें वाचकाच्या मनावर दोन चित्रें ठसविलीं, आणि त्या दोन्ही चित्रांची किंमत माणसांनीं व अस्वलांनीं आपल्या प्राणांनीं भरली आहे. तीं चित्रें पुसण्याचें काम या रुक्ष दिसणाऱ्या ग्रंथानें केलें. म्हणून त्या वाङ्मयाशेजारीं ठेवूनच त्याचें मोल ठरविलें पाहिजे.

पहिलें चित्र राक्षसाचें. १८०५ सालीं लुइस व क्लार्क यांची तुकडी मिसुरी नदीच्या वरच्या अंगास गेली. आपल्या बंदुकांपुढें हें जनावर टिकणार नाहीं, अशा समजुतींत असलेल्या लुइसनें, गोळ्यांवर गोळ्या खाऊनही अंगावर येणारीं अस्वलें पाहिल्यावर, तुकडीचें कुतूहल भागल्याची नोंद केली. पुढें १८१५ सालीं जॉर्ज ऑर्ड यानें या प्राण्यास शास्त्रीय नांव दिलें, त्यांत 'हॉरिबिलिस', म्हणजे भयंकर, हें विशेषण आलें. 'ग्रिझ्ली' या इंग्रजी शब्दाचा अर्थ वस्तुतः करड्या केंसांचें एवढाच. परंतु त्याच उच्चाराचा, लिहिण्यांत थोडा निराळा असलेला दुसरा शब्द भीषण या अर्थाचा आहे, आणि कानाला त्यांतील भेद कळत नाहीं. १८२३ सालीं ह्यू ग्लास या शिकाऱ्यास एका ग्रिझ्लीनें फाडलें. तो वांचला, आणि त्याची कथा जवळजवळ दोन शतकें फुगत जाऊन २००२ सालीं मायकेल पंक यांच्या 'द रेव्हेनंट' या कादंबरींत व २०१५ सालीं त्याच नांवाच्या चित्रपटांत येऊन पोंचली. गंमत अशी कीं, परंपरेनें सांगितलेली ही कथा हेरेरो यांच्या वर्गीकरणांत घातली, तर ती अगदीं साध्या प्रकारांत मोडते: झुडपांची दाटी, पिलांसह असलेली आई, आणि अकस्मात् पडलेली गांठ.

या राक्षसाच्या चित्रानें काय केलें, तें अमेरिकेच्या इतिहासांत नमूद आहे. अलास्का वगळतां त्या देशाच्या सलग प्रदेशांत एके काळीं सुमारे ५०,००० ग्रिझ्ली असावींत असा अंदाज आहे. १९७५ सालीं कायद्यानें त्यांस संरक्षण मिळालें, तेव्हां तीं हजाराहूनही कमी उरलीं होतीं. आज त्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास आहे. कॅलिफोर्नियाच्या ध्वजावर हें अस्वल अद्याप दिमाखानें चालत आहे. त्या राज्याच्या रानांतून तें शंभर वर्षांपूर्वींच नाहींसें झालें.

दुसरें चित्र मित्राचें. विल्यम राइट या शिकाऱ्यानें १९०९ सालीं आणि एनॉस मिल्स या निसर्गप्रेमी लेखकानें १९१९ सालीं या प्राण्यावर जे ग्रंथ लिहिले, त्यांत त्याची बुद्धि, त्याचें कुतूहल, माणसास टाळण्याची त्याची वृत्ति यांकडे प्रथमच सहृदयतेनें पाहिलेलें आढळतें. जेम्स ऑलिव्हर कर्वुड याच्या १९१६ सालच्या 'द ग्रिझ्ली किंग' या कादंबरींत तर हातीं सांपडलेल्या शिकाऱ्यास अस्वल जीवदान देतें. राक्षसाच्या चित्रावर हा उतारा आवश्यक होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु उताऱ्याची मात्रा वाढली कीं त्याचेंही विष होतें. टिमथी ट्रेडवेल हा मनुष्य अलास्कांतील कॅटमाय येथें तेरा उन्हाळे अस्वलांच्या सहवासांत राहिला. त्यांस लाडकीं नांवें देई, स्वतःस त्यांचा रक्षक म्हणवी. तंबूभोंवतीं विजेच्या तारेचें कुंपणही त्यानें ठेवलें नव्हतें. ऑक्टोबर २००३ मध्यें तो व त्याची सहचारिणी एका अस्वलाच्या हल्ल्यांत मरण पावलीं, आणि त्या स्थळीं पोंचलेल्या रक्षकांस दोन अस्वलें ठार करावीं लागलीं. व्हर्नर हर्झोग या जर्मन दिग्दर्शकानें २००५ सालीं 'ग्रिझ्ली मॅन' या चित्रपटांत ही हकीकत मांडली. शेवटच्या क्षणांचा ध्वनि यंत्रावर उमटलेला होता. दिग्दर्शक तो स्वतः ऐकतो, पण प्रेक्षकांस ऐकवीत नाहीं. हा संयम मोठ्या कलावंताचा आहे. तथापि अस्वलाच्या डोळ्यांत आपणांस केवळ निसर्गाची उदासीनता दिसते, हा हर्झोगचा निष्कर्ष आम्हांस अपुरा वाटतो. ट्रेडवेलनें त्या डोळ्यांत मैत्री वाचली, हर्झोगनें शून्य वाचलें. अस्वल त्या वेळीं काय करीत होतें, हें दोघांनींही पुरतें वाचलें नाहीं.

हेरेरो यांच्या ग्रंथाचें मूळ एका निराळ्या दुर्घटनेंत आहे. १९१० सालीं स्थापन झालेल्या मोंटाना राज्यांतील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानांत ग्रिझ्लीनें ५७ वर्षें एकाही माणसाचा प्राण घेतला नव्हता. ऑगस्ट १९६७ मध्यें, एकाच रात्रीं, एकमेकांपासून मैलोगणती दूर अशा दोन ठिकाणीं, दोन निराळ्या अस्वलांनीं एकोणीस वर्षांच्या दोन तरुणींस ठार मारलें. विजेच्या वादळानें अस्वलें खवळलीं येथपासून अनेक तर्क निघाले. जॅक ओल्सन यानें १९६९ सालच्या आपल्या पुस्तकांत खरी साखळी दाखवून दिली. एका ठिकाणीं विश्रामगृहामागें उष्टें टाकण्यांत येई, आणि तें खावयास येणारीं अस्वलें पाहणें ही पाहुण्यांची रोजची करमणूक होती. दुसऱ्या ठिकाणचें अस्वलही त्या उन्हाळ्यांत उकिरडे व तंबू धुंडाळीत फिरत असे. त्या रात्रीं जें घडलें, त्याची तयारी माणसांनीं कित्येक महिने केलेली होती. या घटनेनें हेरेरो यांस प्रश्न विचारण्यास लावलें, आणि त्यांनीं हल्ल्यांच्या शेंकडों नोंदी जमवून प्रत्येकीचें कारण शोधण्याचा उद्योग आरंभिला.

त्यांच्या विवेचनांतील सर्वांत मोलाचा भाग आमच्या मतें हा कीं, ते हल्ल्याकडे अस्वलाच्या बाजूनें पाहतात, पण त्याच्या मनांत शिरल्याचा आव आणीत नाहींत. काळें अस्वल दाट वनांत वाढलें. संकट आलें कीं पिलांस झाडावर चढवून तें मोकळें होतें. ग्रिझ्लीचे पूर्वज उघड्या माळांवर वाढले. तेथें चढावयास झाड नव्हतें, म्हणून पिलांच्या रक्षणासाठीं समोरच्यावर तुटून पडणें हाच त्या आईचा मार्ग झाला. हें एकदां समजलें म्हणजे तिचा हल्ला क्रौर्याचा राहात नाहीं. तिला माणूस खावयाचा नसतो. माणसापासून असलेला धोका तिला संपवावयाचा असतो.

येथेंच इसापाच्या गोष्टीचें कोडें सुटतें. जवळून अचानक गांठ पडल्यामुळें बिथरलेल्या ग्रिझ्लीनें अंगाला स्पर्श केला, तर पालथें पडावें, पाय फांकवावे, मानेवर हात गुंफावे, पाठीवरची पिशवी पाठीवरच राहूं द्यावी आणि अस्वल दूर जाईपर्यंत हालूं नये; कारण धोका संपला असें त्यास वाटलें कीं त्याचें काम संपतें. परंतु जें अस्वल शांतपणें माग काढीत येतें, किंवा रात्रीं तंबूंत शिरतें, त्याचा हेतु निराळा असतो. त्याच्यापुढें मेल्याचें सोंग घेणें म्हणजे आपण होऊन भक्ष्य बनणें होय; तेथें हातीं लागेल त्या वस्तूनें, सर्व शक्तीनें लढलें पाहिजे. एकच प्राणी, एकच माणूस, आणि दोन परस्परविरुद्ध आज्ञा. त्यांतील कोणती लागू, हें प्रसंग वाचतां आला तरच कळतें. वाङ्मयाच्या अभ्यासकास ही गोष्ट परकी वाटूं नये. संदर्भ सोडून वाक्याचा अर्थ लावणाऱ्यास आपण वाईट वाचक म्हणतों. रानांत तशा वाचनाची शिक्षा कठोर असते, इतकाच फरक.

प्रसंग येऊंच नये यासाठीं सांगितलेले नियम साधे आहेत. एकट्यानें हिंडूं नये. दाट झुडपांत, खळाळत्या ओढ्याकांठीं, किंवा वारा समोरून वाहत असतांना मोठ्यानें बोलत जावें. हौशी प्रवासी ज्या लहान घंटा बांधतात त्यांचा नाद पुरेसा नाहीं, माणसाचा आवाज हवा. स्वयंपाक तंबूपासून शंभर मीटर दूर करावा, अन्न बंद डब्यांत किंवा उंच टांगून ठेवावें. जनावराचें प्रेत दिसलें तर आल्या वाटेनें परतावें. धांवूं नये, कारण ताशीं पंचावन्न किलोमीटर वेगानें धांवणाऱ्यापुढें धांवून उपयोग नाहीं. मिरचीच्या अर्काचा फवारा कंबरेला असावा, पिशवीच्या तळाशीं नव्हे. या फवाऱ्याविषयीं हेरेरो व त्यांचे सहकारी यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत अलास्कांतील १९८५ ते २००६ या काळांतील ८३ प्रसंग तपासले. ग्रिझ्ली ज्या तपकिरी जातींत मोडतें तिच्या बाबतींत शंभरांपैकीं ९२ वेळां फवाऱ्यानें अस्वलाचें अनिष्ट वर्तन थांबलें. माणूस आणि अस्वल दोघेही जिवंत घरीं जातात, हा या साधनाचा बंदुकीहून मोठा गुण.

ग्रंथांत दोष नाहींत असें नव्हे. एकामागून एक येणाऱ्या हकीकती वाचकास थकवितात, आणि जखमींचीं वर्णनें इतकीं तपशीलवार आहेत कीं, केवळ थरारासाठीं पुस्तक उघडणाऱ्याची त्यांनीं सोयच होते. ग्रंथाचें नांवही पहिल्या चित्राच्याच कुळांतलें आहे. शिवाय हल्ल्याची नोंद होते. अस्वल माणसास पाहून मुकाट्यानें बाजूस झालें, अशा असंख्य भेटींची होत नाहीं. हेरेरो हें जाणतात, तरी पुस्तक मिटल्यावर मनांत राहतें तें रक्तच. आमच्या वाचकांसाठीं आणखी एक इशारा: मराठींत अस्वल हा एकच शब्द असला, तरी मेळघाटांत व गडचिरोलीच्या रानांत राहणारें अस्वल निराळ्या जातीचें आहे. पहाटे मोह वेंचावयास जाणाऱ्या बाईची व त्याच मोहासाठीं आलेल्या अस्वलाची गांठ अचानकच पडते, हें साम्य खरें. पण एका जातीसाठीं सांगितलेला उपाय दुसरीवर डोळे मिटून लादणें ही इसापाचीच चूक पुन्हां करण्यासारखें होईल.

हे दोष मान्य करूनही ग्रंथाची थोरवी कमी होत नाहीं. राक्षसाच्या कथेनें वाचकास भीति दिली, मित्राच्या कथेनें धीर दिला. हेरेरो यांनीं त्याला काम दिलें. उकिरडा झांका, बोलत चला, पाऊलखुणा पाहा, अंतर राखा. ग्लेशियरच्या त्या दोन मुलींस कोणीं हें आधीं सांगितलें असतें, आणि विश्रामगृहामागचें उष्टें कोणीं पुरून टाकलें असतें, तर कित्येक जीव वांचले असते: त्या दोघी, आणि त्यांच्यापायीं पुढें मारलीं गेलेलीं तीं अस्वलें.