जुन्या बोलपटांचें पुनर्दर्शन

जुन्या बोलपटांचे भक्त आमच्या परिचयांत पुष्कळ आहेत, आणि आमचीही गणना त्यांतच होते हें आरंभींच कबूल केलेलें बरें. या भक्तमंडळींचा एक नित्यपाठ असतो. 'संत तुकाराम'सारखा चित्रपट पुन्हां होणें नाहीं, 'कुंकू'मधील धैर्य आज कोणांत उरलें नाहीं, प्रभातची तुतारी वाजली कीं अंगावर रोमांच उभे राहतात, एवढें म्हटलें म्हणजे पाठ पुरा झाला. पाठांत खोटें असें कांहीं नाहीं. परंतु हे चित्रपट आपण शेवटचे केव्हां पाहिले, असा प्रश्न केल्यास बहुतेकांची जीभ अडखळते. कोणीं ते लहानपणीं दूरदर्शनवर अर्धेमुर्धे पाहिलेले असतात. कोणाला त्यांतील गाणींच काय तीं ठाऊक असतात. कोणाचें सर्व ज्ञान वडिलांच्या तोंडून ऐकलेलें असतें. सारांश, ज्यावर आमचें एवढें प्रेम तो चित्रपट नसतोच. आमच्याच स्मरणानें रंगवून भिंतीवर टांगलेली ती एक तसबीर असते. तिला रोज हार घालणें सोपें आहे, कारण ती कधीं बोलत नाहीं. चित्रपट मात्र पुन्हां लावला कीं बोलूं लागतो, आणि पुष्कळदां आमच्या मताविरुद्ध बोलतो.

आमचाच अनुभव सांगतों. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ सालीं मुंबईस सेंट्रल चित्रपटगृहांत लागला आणि ५७ आठवडे चालला. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. त्यांतील पदें लोकांच्या तोंडीं इतकीं बसलीं कीं शांताराम आठवले यांनीं चित्रपटासाठीं रचलेलें एक पद कित्येकांस तुकोबांचा अभंगच वाटलें. हा चित्रपट आम्हीं प्रथम पाहिला तो चमत्कारांसाठीं. इंद्रायणींतून वर आलेल्या वह्या, कीर्तनांत जिकडे तिकडे दिसूं लागलेले शिवाजीमहाराज, अखेरचें तें विमान, यांपुढें आम्हांस दुसरें कांहीं दिसलेंच नाहीं. नवऱ्यावर करवादणारी आवली ही आम्हांला हंसविण्यासाठींच घातली आहे अशी आमची समजूत होती. चाळिशी उलटल्यावर तोच चित्रपट पुन्हां पाहिला, तों विमान कागदी वाटूं लागलें आणि आवली खरी. म्हैस धुतांना गाणारी, पोराच्या दुखण्यानें गांजून हातांत वहाण घेऊन देवाला जाब विचारावयास निघालेली ती बाई गौरी या नटीनें अशी उभी केली आहे कीं तिच्या शेजारीं उभी आहे म्हणूनच विष्णुपंत पागनिसांची ती प्रसन्न, निष्पाप मूर्ति आम्हांस विश्वसनीय वाटते. तुकोबा वैकुंठास जातात. ती आणि पोरांची भूक मागें राहते. हा शेवट आम्हीं लहानपणीं आनंदाचा मानला होता!

'कुंकू'नें दिलेला धडा निराळा होता. नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामबापूंनीं १९३७ सालीं केलेला हा चित्रपट आम्हीं विद्यार्थिदशेंत पाहिला तेव्हां शांता आपटे यांची नीरा ही आमची देवता आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब हा आमचा वैरी होता. आजही न्याय नीरेच्याच बाजूस आहे, याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. परंतु आपल्या हातून अन्याय घडला आहे हें हळूहळू उमगत जाणारा म्हातारा किती अवघड आहे, आणि तो दात्यांनीं किती थोड्या हालचालींत दाखविला आहे, हें कळावयास आमच्याही केसांत रुपेरी छटा यावी लागली. या चित्रपटास पार्श्वसंगीत नाहीं. घरांतले आणि रस्त्यावरचे नित्याचे आवाज हेंच त्याचें संगीत. काकासाहेबांच्या भिंतीवरील घड्याळाची टिकटिक तेव्हांही चालूच होती. आमच्या कानांपर्यंत ती पोंचली नव्हती, इतकेंच.

तथापि हे दोन्ही चित्रपट आमचे मुळांतच आवडते. आवड तीच राहिली, तिचें कारण तेवढें बदललें; यांत आमच्या अभिमानास फारसा धक्का नाहीं. भक्तीची खरी परीक्षा होते ती आपण एकदां निकालांत काढलेला चित्रपट जेव्हां समोर येऊन उभा राहतो तेव्हां. आमच्या बाबतींत हा चित्रपट म्हणजे 'शेजारी'.

विश्राम बेडेकर यांच्या कथेवरून शांतारामबापूंनीं 'शेजारी' १९४१ सालीं केला. प्रभात सोडण्यापूर्वींचा त्यांचा हा अखेरचा चित्रपट. जिवबा पाटील आणि मिर्झा हे एका गांवांतील जिवलग शेजारी. बुद्धिबळाचा पट हें त्यांच्या स्नेहाचें नित्याचें स्थान. गांवांत धरण बांधूं पाहणारा धनिक येतो, जमिनीचा प्रश्न उभा राहतो, या दोघांच्या मैत्रींत बिब्बा घातला जातो, आणि अखेरीस फुटत्या धरणावर एकमेकांचे हात धरून दोघेही प्राण सोडतात. मराठींत पाटील केशवराव दाते यांनीं आणि मिर्झा गजानन जागीरदार यांनीं केला. 'पडोसी' या हिंदी आवृत्तींत जागीरदारांचा मिर्झा कायम राहिला आणि हिंदु ठाकुराची भूमिका मझहर खान यांनीं केली. म्हणजे मुसलमान नट हिंदु झाला आणि हिंदु नट मुसलमान. लाहोरचा ठराव १९४० सालचा, हें लक्षांत घेतलें म्हणजे या योजनेंतील हेतु निराळा सांगावयास नको.

आणि नेमका हा हेतुच आम्हांस खुपत असे. बऱ्याच वर्षांपूर्वीं कांहीं रसिकांच्या बैठकींत आम्हीं 'शेजारी'स 'सदुपदेशाचा बोलपट' असें म्हणून हातावेगळें केलें होतें. पात्रें बोलतात तीं एकमेकांशीं न बोलतां प्रेक्षकांशीं बोलतात, असें आमचें म्हणणें होतें. बैठकींतील मंडळींनीं माना डोलविल्या. आम्हांसही आपण कांहींतरी मार्मिक बोललों असें वाटलें. त्यानंतर चित्रपट पुन्हां पाहण्याचें कारण पडलें नाहीं.

गेल्या वर्षीं तें पडलें. ठाणें जिल्ह्यांत भिवंडी शहराला लागून शेलार नांवाचें गांव आहे. तेथील आमच्या एका स्नेह्यांस जुन्या बोलपटांचा नाद आहे, आणि आपला नाद शेजाऱ्यांस लावण्याची त्यांची खोड आहे. घराच्या मागल्या भिंतीला चुना लावून तिच्यावर ते रविवारीं रात्रीं लहानशा प्रक्षेपणयंत्रानें चित्रपट दाखवितात. भिवंडीचा परिसर म्हणजे यंत्रमागांचा आणि अलीकडे गोदामांचा. उत्तरेंतून आलेल्या मोमीन विणकरांचे वंशज, जुने कोंकणी मुसलमान, तेलंगणांतून आलेले पद्मशाली, मूळचे आगरी व कुणबी, अशी येथें नाना तऱ्हेची वस्ती. त्या रात्रीं सतरंजीवर बसलेल्या पंधरावीस माणसांतही या सर्वांचा अंश होता. आमचे स्नेही म्हणाले, "आज 'शेजारी' आहे." आम्हीं मनांतल्या मनांत सुस्कारा टाकला.

चित्रपट सुरू झाला आणि पांच मिनिटांतच पलीकडच्या आळींतील माग सुरू झाले. त्या खडखडाटांत संवादांतील चार शब्दांपैकीं एखादाच कानीं पडे. आम्ही वैतागलों, परंतु पुढें असें दिसून आलें कीं या खडखडाटानें आम्हांवर उपकारच केला होता. आम्हांस खुपणारीं तीं उपदेशपर वाक्यें मागांच्या आवाजांत बुडून गेलीं, आणि जें उरलें तें केवळ पाहावयाचें होतें. पटावर प्यादें पुढें सारतांना समोरच्याचा चेहरा न पाहतां त्याच्या मनांतलें ओळखणारे दोन वृद्ध उरले. एकमेकांच्या अंगणांत बिनदिक्कत जाणारीं त्यांचीं पावलें उरलीं. दुरावा आल्यानंतर दात्यांच्या खांद्यांना आलेला ताठरपणा, आणि जागीरदारांच्या डोळ्यांतील मानी, परंतु वाट पाहणारी व्याकुळता, हीं उरलीं. हे सर्व आम्हीं पूर्वीं पाहिलें होतें. पण शब्द ऐकण्याच्या आणि शब्दांवर रागावण्याच्या नादांत तें आम्हांस दिसलें नव्हतें. दुसरी एक गोष्ट आतां ध्यानांत आली. हे दोघे धर्मावरून भांडतच नाहींत. भांडणाचें मूळ जमिनींत आणि पैशांत आहे. तें तेथें लावणारा माणूस तिसराच आहे. ज्यास आम्ही उपदेश म्हणून हंसलों त्यांत एवढें सूक्ष्म निदान होतें.

शांतारामबापूंस शब्दांवांचून सांगण्याची ही विद्या कोठून आली हें उघड आहे. कोल्हापुरास बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत, मूकपटांच्या शाळेंत, त्यांची उमेदवारी झाली. पेंटरांच्या १९२३ सालच्या 'सिंहगड' या मूकपटांत शेलारमामांची भूमिका त्यांनींच केली होती. वयाच्या अवघ्या बाविशीच्या सुमारास ऐंशी वर्षांचा म्हातारा! शेलार गांवीं बसून ही आठवण व्हावी हा निव्वळ नामसादृश्याचा योग आहे. गांवाचा आणि त्या वीराचा संबंध जोडण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्या आठवणीपाठोपाठ एक खंत मनांत आली. तो शेलारमामा आज कोणासही पाहतां येत नाहीं. भारतांत १९१३ पासून पुढें हजारांहून अधिक मूकपट झाले; त्यांतले हाताच्या बोटांवर कांहीं वेळां मोजतां येतील एवढेच टिकले. नायट्रेटच्या फिती आपोआप कुजत, सहज पेट घेत, आणि निरुपयोगी ठरल्या कीं त्यांतील चांदी काढून घेण्यासाठीं विकल्या जात. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं, तेथें पी. के. नायर यांनीं भंगारांतून आणि अडगळींतून रिळें गोळा करण्यांत आयुष्य वेंचलें. तोंवर पुष्कळ कांहीं गेलें होतें. हा सर्व दोष अग्नीचा आणि भंगारवाल्याचाच होता असें आम्हांस वाटत नाहीं. जो चित्रपट कोणी पुन्हां पाहूं इच्छीत नाहीं, त्याचें रीळ जपण्याचा खर्च कोण करील? नुसत्या आठवणीवर तृप्त असलेले आमच्यासारखे भक्तही या हानीचे वांटेकरी आहेत.

आतां, एका रात्रींत आमचें संपूर्ण मतपरिवर्तन झालें असें मात्र कोणीं समजूं नये. 'शेजारी'चे दोष जागच्या जागीं आहेत. त्यांतील धनिक हा माणूस न वाटतां दुष्टपणाचें बाहुलें वाटतो. तरुण जोडप्याच्या गाण्यांनीं कथेची गति मंदावते. धरण फुटण्याचा देखावा तंत्रदृष्ट्या त्या काळीं थक्क करणारा होता, आणि आजही तो परिणामकारक आहे; परंतु दोन म्हाताऱ्यांच्या मूकपणानें जें साधलें होतें तें त्याच्या गडगडाटांत थोडें हरवतें. हे दोष आम्ही सांगूं शकलों, कारण ते आमच्या धंद्याचे आहेत. सर्वांत मोठा दोष मात्र आम्हांस दिसला नव्हता. तो दुसऱ्यानेंच दाखविला.

चित्रपट संपला. भिंत पुन्हां पांढरी झाली. मागील बाजूस खुर्चीवर बसलेले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांस सारी आळी चाचा म्हणते, कांहीं वेळ गप्प होते. मग आमच्या स्नेह्यांस म्हणाले, "अण्णा, चित्रपट चांगला आहे. पण हे दोघे मेले तेव्हां एक झाले. जगतांना एक व्हायला यांचं काय जात होतं?"

या प्रश्नास त्या रात्रीं कोणीं उत्तर दिलें नाहीं. चाचांच्या तोंडीं हा प्रश्न कोठून आला हें तेथील प्रौढ मंडळींस ठाऊक होतें. १९७० च्या मे महिन्यांत आणि पुन्हां १९८४ च्या मे महिन्यांत भिवंडीनें काय पाहिलें तें विसरण्याजोगें नाहीं. परंतु त्यानंतरचेंही विसरूं नये. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकारानें येथें मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. गल्लीगल्लींतील हिंदु-मुसलमान शेजारी नियमानें एकत्र बसूं लागले, नळाच्या पाण्यापासून मिरवणुकीपर्यंतच्या तक्रारी समोरासमोर बोलूं लागले. आणि १९९२-९३ सालीं मुंबई पेटली असतां भिवंडी शांत राहिली. १९४१ सालच्या कलावंतास जें दोघांच्या मरणावांचून सुचलें नाहीं, तें या गांवच्या साध्या माणसांनीं जिवंतपणीं करून दाखविलें. चाचांचा आक्षेप हा असा अनुभवाचा आक्षेप होता. आमच्या बैठकींतील त्या मार्मिक वाक्यापेक्षां त्यांत चित्रपटाची अधिक खरी परीक्षा होती, आणि चित्रपटाविषयीं अधिक आदरही होता. कारण त्या दोन म्हाताऱ्यांस चाचांनीं खरीं माणसें मानलें, आणि म्हणूनच त्यांच्यावर ते रागावूं शकले.

असो. आमच्या आवडत्या चित्रपटांच्या यादींत आतां 'शेजारी'चें नांव आम्हीं घातलें आहे. दोषांसह घातलें आहे. वाचकांस आमची एवढीच विनंती कीं वर्षांतून एकदां तरी एखादा जुना चित्रपट घरच्या सर्व मंडळींस घेऊन पुन्हां पाहावा; शक्य तर आपल्याला न आवडलेला; आणि शक्य तर शेजाऱ्यांस बोलावून. तसबिरीवरील हार त्या रात्रीपुरता काढून ठेवावा. मग चित्रपट काय म्हणतो तें ऐकावें, आणि मागल्या खुर्चीवरचा माणूस काय म्हणतो तें अधिक लक्षपूर्वक ऐकावें.