कुलूप आणि वाचक

ग्रंथालयाची थोरवी ग्रंथसंख्येवरून मोजण्याची आपल्याकडे रूढी आहे. आमच्या मते ती त्याच्या अंतर्रचनेवरून मोजावी. कारण कपाटे कशी मांडली आहेत, यावरून चालकांचे वाचकांविषयीचे मत कळते.

जुन्या दिल्लीच्या रेल्वे स्थानकासमोरील दिल्ली पब्लिक लायब्ररीचेच उदाहरण घ्यावे. युनेस्कोच्या साह्याने उभारलेल्या या ग्रंथालयाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते २७ ऑक्टोबर १९५१ रोजी झाले. वास्तू मुळात ग्रंथालयासाठी बांधलेली नव्हती. पूर्वी तेथे सैनिकांचे उपाहारगृह होते. परंतु आतील योजनेमागे निश्चित विचार होता. पुस्तके उघड्या मांडण्यांवर, वाचकाच्या हाताला लागतील अशी. मुलांसाठी स्वतंत्र विभाग. व्याख्याने, चर्चा व नाट्य यांची सोय. आणि वर्गणी मुळीच नाही. ग्रंथ हे वापरण्यासाठीच असतात, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेले पहिले सूत्र येथे लाकडी मांडणीत उतरले होते.

आपली परंपरा याहून जुनी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. लोकाश्रयावर वाढलेल्या अशा संस्थांचा आम्हांस अभिमान आहे. तथापि पदरमोड करून जमविलेले धन जपावेसे वाटते, आणि जपता जपता ते कुलपात जाते. मग वाचकाने यादी पाहावी, चिठ्ठी लिहावी आणि वाट पाहावी. जे नाव आधीच ठाऊक, तेच तो मागतो. अनोळखी पुस्तकाशी त्याची गाठ पडत नाही.

आम्ही पडलो कारकून. कुलपाची बाजू आम्हांस चांगली कळते. पुस्तक गहाळ झाले तर जाब द्यावा लागतो. वाचले गेले नाही तर कोणी विचारीत नाही. आमच्या वसाहतीतील मंडळाची दोन कपाटे सांभाळताना आम्हीही हाच हिशेब केला. वर्षअखेर एकही पुस्तक हरवले नाही, म्हणून समाधान मानले. नंतर देवघेवीची वही चाळली, तो मुलांच्या नावावर जेमतेम तीन नोंदी! परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठी पुस्तकांची नावेच ठाऊक नसतात. ती चिठ्ठीवर काय लिहिणार? त्यांनी चित्रे पाहावीत, दोन पाने चाळावीत, नको असल्यास परत ठेवावे, तेव्हा कुठे एखादे पुस्तक घरी जाईल.

तेव्हा निदान मुलांचे कपाट तरी उघडे असावे, आणि त्याचे कप्पे त्यांच्या उंचीचे असावेत. वर्षाकाठी चार पुस्तके गेली, तर ती खुशाल खर्ची टाकावीत.