उपासनागीत आणि मंडळीचा कंठ : कसबा पेठेच्या निमित्ताने

अर्वाचीन मराठी काव्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची एक विलक्षण वाटणी करून ठेवली आहे. 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखले जाणारे टिळक वाङ्मयाच्या वाट्याला आले. 'वनवासी फूल', 'सुशीला', 'बापाचे अश्रू' या कवितांवर लिहिले गेले, पाठ्यपुस्तकांनी त्यांना जवळ केले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर मराठी ख्रिस्ती मंडळ्यांसाठी शेकड्यांनी गीते रचणारे टिळक मात्र चर्चच्या कपाटात राहिले. या गीतांचा उल्लेख आला तरी तो 'धर्मप्रचारपर रचना' अशा दोन शब्दांत आटोपतो. त्या दोन शब्दांमागे असा समज आहे की, ज्या रचनेचा हेतू उपासनेचा, तिचे मोल उपासकांनी ठरवावे, टीकाकाराचे तेथे काम नाही. हाच न्याय लावला तर तुकोबांचे अभंग देहूकरांकडे आणि एकनाथांची भारुडे पैठणकरांकडे सोपवून मराठी वाङ्मयेतिहासाला मोकळे व्हावे लागेल. संतकाव्याबाबत असे कोणी करीत नाही. ख्रिस्ती गीतांबाबत ते इतक्या सहजपणे का घडते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

या गीतांचे परीक्षण छापील पानावरून करू गेल्यास ती पुष्कळदा फिकी वाटतात, हे आधीच मान्य केले पाहिजे. त्यांत तारण, कृपा, प्रायश्चित्त, नीतिमत्त्व ही पदे वापरून गुळगुळीत झालेल्या नाण्यांसारखी पुन्हा पुन्हा येतात. विशेषणांची पुनरुक्ती होते. कल्पनेची झेप क्वचितच दिसते. परंतु हे गीत पानासाठी लिहिलेलेच नाही. ते रविवारच्या उपासनेत, नेमक्या स्थानी, नेमक्या माणसांनी, एकत्र म्हणावयाचे आहे. तेव्हा त्याची कसोटी मंडळीच्या कंठावर घेतली पाहिजे. आणि मंडळी जितकी लहान तितकी ही कसोटी कठोर. मोठ्या चर्चमध्ये शिकविलेले गायकवृंद असतात. ते गीताचे दोष झाकतात. चाळीस-पन्नास माणसांच्या मंडळीत ज्याला सूर लागत नाही त्याचाही आवाज ऐकू येतो. जे गीत अशा कंठांना पेलते तेच टिकते.

कसबा पेठ ही या दृष्टीने बोलकी जागा आहे. हे पुण्याचे मूळ गाव. ग्रामदैवत कसबा गणपती येथे, शेख सल्ल्यांचे दर्गे येथे, तांबट आळीतील हातोड्यांचा ठोका येथे, कुंभारवाडा येथे. याच पेठेत 'ब्रदर देशपांडे स्मारक चर्च' आहे. त्या नावातच एक इतिहास गोठलेला आहे. 'देशपांडे' हे परगण्याच्या वतनी लेखनाधिकाराचे नाव. वंशपरंपरा हाच त्याचा अर्थ. 'ब्रदर' ही पदवी मात्र वंशाला बाजूस सारून नवे नाते सांगते. मराठी प्रॉटेस्टंट मंडळीची सारी घडण या दोन शब्दांच्या शेजारात सामावली आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. छावणीतील इंग्रजी चर्चभोवती मोकळे आवार असते. पेठेतील चर्चला शेजार असतो. तेथील गीत शेजाऱ्यांच्या कानी पडते आणि शेजारची आरती उपासकांच्या कानी पडते. पेठेत गाणारी मंडळी मराठी संगीताच्या बाहेर राहू म्हणेल तरी राहू शकत नाही.

मराठी प्रॉटेस्टंट उपासनेचा क्रम सामान्यतः साधा असतो. उपासनेसाठी आवाहन, गीत, प्रार्थना, शास्त्रवाचन, पुन्हा गीत, पाळकांचा उपदेश, दानार्पण, शेवटचे गीत आणि आशीर्वाद. यांत पाळक बोलतात, वाचक वाचतो. मंडळीला स्वतःचे असे बोलण्याची संधी प्रभूची प्रार्थना सोडली तर केवळ गीतात मिळते. म्हणजे गीत हेच मंडळीचे वक्तव्य. ते परक्या लयीत असेल तर मंडळी आठवड्यातून एकदा परक्या आवाजात बोलते.

आरंभीच्या मिशनरी काळात नेमके हेच घडले. इंग्रजी स्तोत्रगीतांच्या चाली तशाच ठेवून त्यांत मराठी शब्द बसविण्यात आले. यात भाषांतरकारांची फसगत कशी झाली हे छंदःशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. इंग्रजी गीतांचे एक अतिप्रचलित माप आठ, सहा, आठ, सहा अक्षरांच्या चरणांचे असते. मराठीतही अक्षरसंख्येवर चालणारे छंद आहेत. लहान अभंगाचा चरण आठ अक्षरांचा, मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा, चार अक्षरांचे. संख्या जुळली की छंद जुळला, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु इंग्रजी मापात अक्षरे मोजली जातात ती आघातासह. एक दुर्बळ, एक सबळ अशी त्यांची पावले पडतात. अभंगात तसे नाही. माधवराव पटवर्धनांनी छंदाचे जे लक्षण सांगितले आहे ते असे की, त्यात लघुगुरूंचा भेद लोपतो आणि प्रत्येक अक्षर जवळजवळ सारख्याच लांबीने उच्चारले जाते. अशा समतोल अक्षरांना दुर्बळ-सबळ पावलांत चालविले की आघात भलत्याच ठिकाणी पडतो. 'येशूला' या पदात पहिले अक्षर उचलते आणि दुसऱ्यावर भार. 'देवाचा' म्हणताना 'दे' निसटते आणि 'वा' ठासून उमटतो. चालीचा आरंभच जेथे ठेक्याच्या आधी होतो, तेथे मराठी वाक्याचे पहिले पद, म्हणजे पुष्कळदा संबोधनच, गिळले जाते. वृत्तबद्ध श्लोकांची अडचण उलट प्रकारची. तेथे लघुगुरू ठरलेले असतात, आणि परकी चाल त्यांची पर्वा न करता लघूवर लांब स्वर व गुरूवर आखूड स्वर ठेवते. अर्थ कळतो, पण शब्द आपले वाटत नाहीत.

दोष चालींचा नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. त्यांतील कित्येक चाली गंभीर व सुंदर आहेत आणि त्यांच्याशी मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या पिढ्यांच्या आठवणी जडल्या आहेत; मृतसंस्काराच्या वेळी त्यांवाचून होत नाही. 'परकी चाल' आणि 'देशी चाल' असा सोपा भेद करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी: ज्या पेटीवाचून मराठी भजन आज उभे राहत नाही, ती पेटीही युरोपातूनच आली. प्रश्न उगमाचा नसून सांधा कसा बसला याचा आहे. पेटीचा सांधा भजनात बसला. आघाताच्या चालीचा मराठी अक्षरांशी तसा बसला नाही.

हा सांधा शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी अहमदनगरकडे केला. ख्रिस्ती कथेला त्यांनी कीर्तनाचे रूप दिले, आणि गीतालाही मराठी पदांच्या चाली दिल्या. सांगळ्यांची भाषा टिळकांइतकी सफाईदार नाही. परंतु समूहाने कोठे श्वास घ्यावयाचा, धृपद केव्हा परत यावयाचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. टिळकांच्या झळाळीमागे सांगळे झाकले गेले, हा मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या चर्चेतील एक अन्यायच होय.

टिळकांनी अभंग स्वीकारला तो मात्र केवळ सोयीसाठी नव्हे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, ही त्यांची भूमिका सर्वश्रुत आहे. त्यांच्या गीतांत ख्रिस्त गुरू होतो, माउली होतो. 'माउली' हे संबोधन वारकऱ्यांच्या मुखातून उचललेले आणि तरीही बायबलातील ईश्वराच्या मातृरूपाशी विसंगत नसलेले. टीकेच्या दृष्टीने याहून सूक्ष्म गोष्ट नाममुद्रेची. अभंगाच्या शेवटी कवीचे नाव येते. 'तुका म्हणे' गाताना वारकरी तुकोबांचा शब्द तुकोबांना परत देतो. टिळकांनी नाममुद्रा घेतली ती 'दास' ही. हे एकाच वेळी विशेषनाम आणि सामान्यनाम आहे. रविवारी मंडळी शेवटचे कडवे म्हणते तेव्हा त्या शब्दातून कवी बाजूला होतो आणि गाणारा प्रत्येकजण स्वतःचीच सही करतो. पानावर वाचणाऱ्याला ही युक्ती दिसतही नाही. ती समूहगायनातच कळते. टिळकांच्या भावकवितेतील 'मी' पुष्कळदा फार बोलका, प्रसंगी आत्मरत आहे. उपासनागीताच्या शिस्तीने तो 'मी' आवरला गेला. ज्या रचनेला 'धर्मप्रचारपर' म्हणून दूर ठेवले तिनेच कवीचा एक दोष दुरुस्त केला, असा हा प्रकार आहे.

येथे पुण्याच्याच एका दुसऱ्या रविवारची आठवण अप्रस्तुत होणार नाही. मुंबईत १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने, आणि पुढे पुण्यातील त्याच्या शाखेने, साप्ताहिक सामुदायिक उपासना, आसनांवर बसलेली मंडळी, मधोमध उपदेश ही पद्धती उघडपणे प्रॉटेस्टंट घडणीची घेतली आणि तिच्यात संतांचे अभंग गाइले. रानडे, भांडारकर यांची प्रवचने त्या चौकटीत झाली. म्हणजे एका पक्षाने चौकट घेतली आणि गीत आपले ठेवले. दुसऱ्याने चौकटीसह गीतही आयते घेतले आणि मग अभंगाकडे परतण्यास काही दशके लावली. मात्र प्रार्थना समाजाच्या अभंगगायनात जे घडू शकले नाही ते ख्रिस्ती मंडळीत घडले, आणि त्याचा संबंध गाणाऱ्यांच्या सामाजिक स्थानाशी आहे.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील बहुसंख्य कुटुंबे नगर, जालना या बाजूंच्या खेड्यांतील अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आली. पुणे शहरातील मंडळ्यांतही पुढे अशी कुटुंबे शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने आली. या माणसांना अभंग नवा नव्हता. चोखामेळ्याचा अभंग महाद्वाराबाहेरचा होता. गाणाऱ्याचा कंठ आत पोचे, गाणारा पोचत नसे. रविवारच्या उपासनेत तोच छंद गाभाऱ्याच्या आत, पहिल्या बाकावर बसून म्हटला गेला. छंद तोच, पण म्हणणाऱ्याची जागा बदलली. छंदःशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात या बदलाची नोंद होण्याचे कारण नाही. वाङ्मयसमीक्षेत मात्र ती व्हावयास हवी होती.

परंतु याच ठिकाणी टिळकांच्या गीतांवरचा सर्वांत गंभीर आक्षेपही उभा राहतो. छंद मंडळीचा, पण शब्दकळा कोणाची? संस्कृतात मुरलेल्या चित्पावन कवीची पदरचना, तिच्यातील समास, तिच्यातील वेदान्ती छटा ही खेड्यांतून आलेल्या उपासकांच्या रोजच्या बोलीपासून दूरच होती. समानतेच्या घरातही भाषेचे सोवळे राहिले, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे कठीण आहे. उत्तर अंशतः एवढेच की टिळकांची उत्तम गीते ती आहेत ज्यांत समास गळून पडले आहेत आणि क्रियापदे साधी आहेत. आणि तीच गीते पाठ झाली. संपादकांच्या आधीच मंडळीने निवड केली आहे.

या सोवळ्याचा दुसरा, अधिक प्रत्यक्ष अर्थ पुण्याने १८९० साली पाहिला. पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक, रानडे प्रभृतींवर ग्रामण्याचा प्रसंग आला. ज्या शहरात एक पेला चहा हा धर्मप्रश्न होऊ शकतो, त्याच शहरात एका टेबलाभोवती निरनिराळ्या जातींतून आलेल्या माणसांनी भाकर मोडून खाणे आणि द्राक्षारस घेणे याचा अर्थ काय असेल? प्रभुभोजनाच्या गीतांत पंगतीची, एका ताटाची, भुकेची जी प्रतिमा येते ती युरोपीय मंडळीला आध्यात्मिक रूपक वाटेल. पेठेतील मंडळीला ते वृत्त आहे. म्हणूनच भाषांतरित प्रभुभोजनगीतांपेक्षा मराठीत जन्मलेली प्रभुभोजनगीते सरस ठरतात.

मंडळीच्या सहजीवनाचे सर्वांत प्रामाणिक चित्र मात्र गीतांत नाही. ते लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त आहे. स्पर्श, पाणी आणि पंक्ती यांविषयी एका बाईच्या मनात झालेला पालट, मंडळीतील रुसवेफुगवे, परस्परांच्या मुलांना सांभाळणे, पैशाची ओढाताण, हे सारे तेथे विनोदाच्या अंगाने येते. गीतातील 'आम्ही' हा नेहमी एकदिलाचा असतो. 'स्मृतिचित्रां'तील 'आम्ही' भांडतो आणि पुन्हा एकत्र बसतो. दोन्ही एकाच घरातून आले, ही लक्षणीय गोष्ट आहे. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले, आणि उपासनागीतांचे भाष्यही, नकळत, त्यांनीच गद्यात लिहून ठेवले. ज्या अभ्यासकाला गीतांतील एकोपा फार गोड वाटू लागेल त्याने हे गद्य शेजारी ठेवून ती गीते वाचावीत.

मराठी मंडळ्यांपुढे सध्या जी अडचण आहे ती टिळकांच्या काळी नव्हती. तरुण पिढीचे शिक्षण पुष्कळदा इंग्रजीतून होते. हिंदी आणि इंग्रजी छोटी धृपदगीते, गिटार व विद्युत्‌वाद्यांच्या साथीने, उपासनेत आली आहेत. त्यांना वरवरची म्हणून हिणवणे सोपे आहे, पण त्यांचे यश ज्या गुणावर उभे आहे तो सांगळ्यांना ठाऊक असलेलाच गुण आहे: थोडे शब्द, परतणारे धृपद, लगेच सापडणारा सूर. 'उपासनासंगीत' या गीतसंग्रहातील रचना मागे पडत असतील तर त्या जुन्या म्हणून नव्हे, त्यांच्या चाली हरवत चालल्या म्हणून. मराठी गीतसंग्रहांत 'चाल' सांगण्याची रीत म्हणजे दुसऱ्या एखाद्या पदाकडे बोट दाखविणे. ते पद विस्मरणात गेले की गीतही मुके होते. संहितेची चिकित्सा करणारे विद्यापीठीय संशोधन या गीतांच्या पाठभेदांपर्यंत उद्या पोचेलही. परंतु स्वरलिपीत उतरवून घेण्याजोग्या चाली लहान मंडळ्यांतील वयस्क स्त्रियांच्या कंठात आहेत, आणि त्या रविवारी सकाळी, पेटीवाल्याने सूर चुकीचा धरला की हळूच दुरुस्त करून दाखवितात.