परागंदा शास्त्रज्ञाचे चरित्र : डॉ. पांडुरंग खानखोजे यांच्या निमित्ताने

शास्त्रज्ञाचे चरित्र लिहिणे हे कवीचे अथवा राज्यकर्त्याचे चरित्र लिहिण्याहून अवघड आहे, ही जाणीव मराठी समीक्षेत अभावानेच आढळते. कवीचे कार्य त्याच्याच शब्दांत वाचकापुढे असते. राज्यकर्त्याचे कार्य घटनांच्या रूपाने सांगता येते. शास्त्रज्ञाचे कार्य मात्र समीकरणांत, प्रयोगवह्यांत आणि तक्त्यांत बंदिस्त असते व ते कथेत आणण्याचे श्रम चरित्रकारास स्वतः घ्यावे लागतात. त्यातच चरित्रनायक राजकीय उलथापालथीत सापडून परदेशी गेलेला असेल, तर निराळीच अडचण उभी राहते : कथा फार सोपी होऊन बसते. वेषांतर, पलायन, हद्दपारी, परक्या मुलखातील हालअपेष्टा ही सामग्री आयती हाती येते, तिच्या ओघात चरित्रकार वाहत जातो आणि ज्या शास्त्रासाठी त्या मनुष्याने आयुष्य वेचले ते काठावर राहते. प्रस्तुत लेखात या धोक्याचा विचार एका मराठी उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

तुलनेसाठी प्रथम एका चिनी भौतिकशास्त्रज्ञाचे उदाहरण घेऊ. फांग लिझी यांचा जन्म १९३६ साली बीजिंग येथे झाला. १९५७ च्या उजव्यांविरुद्धच्या मोहिमेत त्यांच्यावर बालंट आले व त्यांना पक्षातून काढून टाकण्यात आले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांना आन्हुई प्रांतात अंगमेहनतीस धाडण्यात आले. पुढे त्यांची प्रतिष्ठा पूर्ववत झाली आणि १९८४ मध्ये ते हफेइ येथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाचे उपाध्यक्ष झाले. परंतु जानेवारी १९८७ मध्ये त्यांची पुन्हा पक्षातून हकालपट्टी झाली. जून १९८९ मध्ये तिआनान्मेन चौकातील हत्याकांडानंतर त्यांनी पत्नीसह अमेरिकन वकिलातीत आश्रय घेतला. तेथे वर्षाहून अधिक काळ काढल्यावर त्यांना देश सोडता आला आणि २०१२ साली अमेरिकेतील ॲरिझोनात त्यांचा अंत झाला. वकिलातीतील त्या कोंडवाड्यातच त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले. त्याचे इंग्रजी भाषांतर २०१६ साली प्रसिद्ध झाले.

या जीवनक्रमात रोमांचक प्रसंगांना तोटा नाही. तथापि, फांग यांचे जीवन त्यांच्या शास्त्रावाचून सांगताच येत नाही, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट होय. १९७२ साली त्यांनी विश्वरचनेवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विश्व अनंत आहे हे एंगल्सचे मत प्रमाण मानणाऱ्या पक्षीय तत्त्ववेत्त्यांना त्यातील महास्फोटाची कल्पना हा वैचारिक अपराध वाटला. विश्वाला आरंभ आहे की नाही याचा निवाडा निरीक्षणाने करावयाचा की ग्रंथवचनाने, हा प्रश्न एकाच वेळी भौतिकशास्त्राचाही होता आणि राज्यसत्तेचाही. शास्त्र व राजकारण हे येथे दोन अध्याय नव्हेत. पहिल्यातूनच दुसरे उद्भवते. परागंदा शास्त्रज्ञाचे चरित्र वाचताना हीच कसोटी लावावी असे वाटते : त्याच्या शास्त्राचा आणि त्याच्या परागंदा होण्याचा आंतरिक संबंध चरित्रकाराने दाखविला आहे की नाही?

मराठीत या कसोटीस उतरावे असे सर्वांत जवळचे उदाहरण भौतिकशास्त्रातले नसून कृषिशास्त्रातले आहे. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे मूळचे वर्ध्याचे. टिळकांच्या राजकारणाने भारलेला हा तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशाबाहेर पडला, अमेरिकेत पोचला आणि १९१३ साली वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून शेतकीचा पदवीधर झाला. त्याच सुमारास पॅसिफिक किनाऱ्यावर गदर पक्षाची उभारणी झाली. तिच्या संस्थापकांत लाला हरदयाळ यांच्या बरोबरीने खानखोजे यांचे नाव घ्यावे लागते. पहिल्या महायुद्धात ते इराणात गेले व इंग्रजांविरुद्ध उठाव करण्याच्या खटपटीत राहिले. युद्धानंतर बर्लिन आणि मॉस्को येथील हिंदी क्रांतिकारकांच्या वर्तुळात त्यांचा वावर होता. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत स्थायिक झाले व चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापन आणि मक्याच्या वाणांवर संशोधन करू लागले. स्वातंत्र्य आल्यानंतर मायदेशी परतण्याची परवानगी त्यांनी मागितली, तेव्हा इंग्रजांच्या काळ्या यादीतील नाव स्वतंत्र भारताच्या दप्तरातही आडवे आले. तो अडसर पुढे दूर झाला. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले.

त्यांच्यावरील दोन ग्रंथ मराठी वाचकाला ठाऊक आहेत. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत लिहिलेला ‘आय शॅल नेव्हर आस्क फॉर पार्डन’ हा ग्रंथ २००८ साली निघाला. मराठीत वीणा गवाणकर यांनी ‘डॉ. खानखोजे : नाही चिरा...’ हे चरित्र लिहिले. दोन्ही ग्रंथांनी एका विस्मृत पुरुषास प्रकाशात आणले, हे त्यांचे ऋण निःसंशय मोठे आहे. तथापि, त्यांची शीर्षके समीक्षकाला विचार करावयास लावतात. पहिल्या शीर्षकात क्षमायाचना न करणारा बंडखोर उभा आहे. दुसरे शीर्षक बा. भ. बोरकरांच्या कवितेतून घेतलेले असून त्यातून वाचकापुढे अज्ञात हुतात्म्याची, स्मारकविहीन दहनभूमी येते. दोन्हीही देशभक्ताकडे बोट दाखवितात; मक्याच्या कणसाकडे कोणतेच दाखवीत नाही. ग्रंथांच्या आत शेतीसंशोधन येते, हे खरेच. परंतु शीर्षक हे ग्रंथाचे प्रवेशद्वार असते आणि आपण मराठी वाचक कोणत्या दाराने आत जातो, याचा तो पुरावा आहे. विशेष हे की, वीणा गवाणकरांनीच ‘एक होता कार्व्हर’ या १९८१ च्या चरित्रातून एका कृषिशास्त्रज्ञाला मराठी घराघरांत नेले होते. कार्व्हरचा भुईमूग आम्हांस आठवतो, खानखोजे यांचा मका आठवत नाही. हा भेद कशामुळे पडला?

त्याचे एक कारण शास्त्राच्या स्वरूपात आहे. भौतिकशास्त्रज्ञाचा निबंध त्याच्या नावानिशी टिकतो. वाण काढणाऱ्या शास्त्रज्ञाचे कार्य बियाण्यात विरघळून जाते. आमच्या खानदेशातलेच उदाहरण घ्यावे. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने काढलेला ‘जे. एल. २४’ हा भुईमुगाचा वाण दूरवरच्या शेतकऱ्यांना परिचित झाला. त्याच्या नावात जळगाव आहे, परंतु तो वाण ज्यांच्या श्रमांतून निघाला त्यांची नावे पेरणाऱ्यांपैकी किती जणांना सांगता येतील? धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत आज कापसाबरोबर मकाही मोठ्या प्रमाणावर होतो. मक्याच्या वाणांसाठी आयुष्य झिजविणारा एक मराठी मनुष्य होऊन गेला, हे त्या पिकाच्या बांधावर उभे राहूनही आम्हांस सुचत नाही. वाणाला नाव लाभते, वाणकाराला लाभत नाही. मग चरित्रकाराने साहसकथेचा आधार घेतला तर त्यात नवल नाही. मात्र तो आधार घेताना चरित्रनायकाचे आयुष्य दुभंगते : पूर्वार्धात क्रांतिकारक, उत्तरार्धात पोट भरण्यासाठी प्राध्यापकी करणारा निर्वासित.

ही दुभंगलेली मांडणी वस्तुस्थितीला धरून नाही, असे आमचे प्रतिपादन आहे. खानखोजे अमेरिकेत शेतकी शिकत होते तेव्हा त्यांच्या भोवतीचे हिंदी लोक मुख्यतः पंजाबातून आलेले शेतकरी होते. लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर मजुरी करणाऱ्या याच लोकांनी गदर पक्षाला मनुष्यबळ पुरविले. म्हणजे शेतकी हा अभ्यासाचा विषय आणि शेतकरी हा क्रांतीचा सैनिक, असा संयोग आरंभापासूनच होता. मेक्सिकोत ते पोचले तेव्हा तेथे १९१० च्या क्रांतीनंतरचे जमीनवाटपाचे युग चालू होते. १९१७ च्या राज्यघटनेने मोठ्या जमीनदाऱ्या मोडण्याचा अधिकार राज्याला दिला होता. चापिंगोचे विद्यालयही एका जुन्या जमीनदारीच्या आवारात भरत होते. जमीन तर मिळाली, परंतु ती कसण्याचे शास्त्र कुळांना कोण देणार? खानखोजे यांनी चालविलेल्या शेतकऱ्यांच्या मुक्त कृषिशाळा हे या प्रश्नाचे उत्तर होते. या शाळा म्हणजे क्रांतीचा त्याग नव्हे, तिचे दुसरे रूप होय. चरित्राचा कणा येथे सापडतो : पंजाबी शेतमजुरापासून मेक्सिकन कुळापर्यंत एकच मनुष्यवर्ग त्यांच्या दृष्टीसमोर होता. हा धागा हाती धरला म्हणजे मका हा परिशिष्टाचा विषय न राहता कथेच्या मध्यभागी येतो आणि वर सांगितलेली कसोटी पूर्ण होते.

येथे एक आक्षेप संभवतो. खानखोजे यांचे शास्त्रीय कार्य त्यांच्या राजकीय कार्याइतके थोर होते काय? नसल्यास चरित्रकाराने राजकारणास अधिक जागा दिली यात वावगे काय? आक्षेप रास्त आहे, पण त्याचा निवाडा पुराव्यानेच होऊ शकतो. दिएगो रिव्हेरा यांच्या मेक्सिको शहरातील एका भित्तिचित्रात भाकरी वाटणाऱ्या पुरुषाची मुद्रा खानखोजे यांची आहे, असे सांगितले जाते. टीना मोदोत्ती या छायाचित्रकर्तीने त्यांच्या मक्याची छायाचित्रे घेतली. चित्र आणि छायाचित्र हे प्रतिष्ठेचे पुरावे आहेत, वाणाच्या गुणाचे नव्हेत. तसेच ‘हरितक्रांतीचे पूर्वसूरी’ हे विशेषण त्यांना सढळ हाताने लावले जाते. नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत आले ते १९४४ साली. खानखोजे यांचे प्रयोग त्यांच्या आधीचे, एवढे निश्चित. परंतु आधी असणे आणि कारण असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोणता वाण कोणत्या संकरातून निघाला, तो किती क्षेत्रावर गेला, पुढील संशोधकांनी त्यातले काय उचलले, या प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून असे विशेषण वापरणे म्हणजे गौरवाच्या भरात नायकाचे नुकसान करणे होय. उद्या कोणी ते खोडून काढले, तर सोबत खरे कार्यही संशयास्पद ठरेल.

पुराव्याचा हा आग्रह खानदेशाला अपरिचित नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे देहावसान ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. अस्सल कागद गावोगाव हिंडून मिळवावा, तो स्वतः वाचावा आणि मगच बोलावे, हा त्यांचा दंडक होता. त्यासाठी मोडी आणि फार्सीचे श्रम टाळून चालत नव्हते. खानखोजे यांच्या बाबतीत अस्सल कागद म्हणजे मक्याच्या वाणांवरील त्यांच्या पुस्तिका आणि कृषिशाळांची कागदपत्रे. हे लेखन स्पॅनिशमध्ये आहे. राजवाड्यांना जे मोडीचे होते, ते आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला स्पॅनिशचे आहे. त्याबरोबर वनस्पतिशास्त्राचा जाणकार सोबती हवा, कारण संकराची नोंद भाषाभ्यासकाला एकट्याने पारखता येणार नाही. धुळ्यास कृषिमहाविद्यालय आहे, जळगावास विद्यापीठ आहे. मराठी विभाग आणि कृषिशास्त्र यांच्यातील अंतर मेक्सिकोइतके दूर खासच नाही.

फांग लिझी यांनी आपल्या शास्त्राची आणि देशत्यागाची सांगड स्वतःच्या लेखणीने घातली. खानखोजे यांच्या वतीने ते काम दुसऱ्या कोणास करावे लागणार आहे. ते मराठीत झाले नाही, तर गदरपुरते खानखोजे आपले आणि उरलेले खानखोजे मेक्सिकोचे, अशी वाटणी आपोआप कायम होईल. एका काळ्या यादीने त्यांना मायदेशाच्या दारात अडविले होते. अर्धेच चरित्र वाचणाऱ्या अभ्यासकाने त्यांच्या शास्त्राला दारातच उभे ठेवू नये.